'रक्तवाढीची गोळी'

एचआयव्हीवरच्या उपचारांच्या एआरटी केंद्रातून औषधाची डबी आली की अनेक घरांत आधी तिच्यावरचा कागद खरवडला जातो. मग ती कपड्यांच्या घडीत जाते. मुलाला सांगितलेलं असतं, 'रक्तवाढीची गोळी आहे, मुकाट्यानं घे.' आठव्या वर्षी हे खपून जातं. पुढे शाळेत दर आठवड्याला खरोखरची रक्तवाढीची निळी गोळी मिळते आणि मुलाला वाटतं, शाळेत घेतली, आता घरची कशाला? शिवाय लोहाची गोळी आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर उपाशीपोटी एकदम घेतलं, तर औषध पुरेसं शोषलं जात नाही. घरच्यांची थाप अशी थेट उपचाराच्या आड येते.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी मोफत मिळू लागली. जन्मतः संसर्ग झालेली मुलं जगली, वयात आली. घरातला समज मात्र तोच राहिला: पोराला कळलं तर ते खचेल, गावाला कळलं तर सोयरीक जुळणार नाही.

ही भीती उगाच नाही. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांच्या 'सेवालय' या एचआयव्हीबाधित मुलांच्या निवासी संस्थेतली मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं घरी ठेवली होती. आईबाप गेल्यावर नातवंडं सांभाळणारी आजी गप्प बसते ती मायेपोटीच. पण त्याच मायेनं ती पोराचं ताट वेगळं ठेवते, 'उष्ण पडते' म्हणून उपवासाला गोळी चुकवते. ताटातून एचआयव्ही पसरत नाही आणि हल्लीची गोळी उपाशीपोटीही चालते, हे तिला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

आणि मुलाला? शाळकरी वयातच आजाराची माहिती टप्प्याटप्प्यानं द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये सांगितलं. समुपदेशक आधी रक्तातल्या जंतूबद्दल बोलतात, आजाराचं नाव नंतर घेतात. ज्याला कुणीच सांगत नाही, ते पोर चौदाव्या वर्षी गोळीचं नाव मोबाइलवर शोधतं, एकटंच वाचतं. राग आईवर निघतो, नाहीतर गोळीवर. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. नियमित घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, मूलबाळ, सगळं शक्य होतं. आजीच्या सोयरिकीच्या काळजीला खरा उतारा हाच.

'अजून लहान आहे' म्हणणाऱ्या घरांनी २०१७ चा एचआयव्ही कायदा पाहावा. एचआयव्हीबाधित घराचा कारभार समजुतीनं पाहणाऱ्या, बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही तो भावंडांच्या शाळाप्रवेशासाठी आणि उपचारांसाठी पालक मानतो.