मौनाचा अर्थ

मौन हें संमतीचें लक्षण होय, असें आपल्याकडे मानतात. परंतु एकत्र कुटुंबांत वावरलेल्या कोणासहि ठाऊक आहे कीं, आजीबाई गप्प बसल्या म्हणजे त्यांनीं रुकार दिलाच असें नव्हे. अमेरिकेच्या राज्यकारभारांतील एक मोठा वाद नेमका ह्याच ठिकाणीं अडलेला आहे.

तेथील राज्यघटनेनें कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला (आपल्याकडील पक्षाशीं ह्या नांवाची गल्लत होऊं नये), अंमलबजावणीचा अध्यक्षास व न्यायदानाचा न्यायालयांस दिला. अध्यक्ष कायदेमंडळांत बसत नाहीं, आणि तेथील बहुमत फिरलें म्हणून त्याचें पदहि जात नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें मसुदा मांडतांना हाच भेद दाखविला होता: अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी.

मग अशा अध्यक्षास आवरावयाचें कोणीं? १९५२ सालची हकीकत ह्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. कोरियांत युद्ध चाललें होतें. पोलादाच्या कारखान्यांतील मजूर पगारवाढीसाठीं संपाच्या बेतांत होते, आणि पोलादाचा भाव वाढवून मिळाल्याखेरीज मालक ती देण्यास राजी नव्हते. ८ एप्रिल रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं देशांतील बहुतेक मोठे पोलाद कारखाने सरकारी ताब्यांत घेण्याचा हुकूम काढला आणि काँग्रेसला तसें कळविलें. काँग्रेस ना हो म्हणाली, ना नाहीं.

मालक न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाचे नऊहि न्यायाधीश एक तर रूझवेल्ट यांनीं नेमलेले, नाहीं तर स्वतः ट्रूमन यांनीं. तरीहि २ जून रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल अध्यक्षाविरुद्ध लागला. ज्यांस ट्रूमन यांनींच नेमलें, व जे पूर्वीं त्यांचेच ॲटर्नी जनरल होते, ते क्लार्क हेहि त्या सहांत होते! न्यायालयाच्या हातीं ना फौज, ना तिजोरी. पण ट्रूमन यांनीं कारखाने लागलीच परत केले. मजुरांनीं संप पुकारला व तो ५३ दिवस चालला. युद्धकाळीं असा संप पत्करूनहि अध्यक्षानें निकाल मानला, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

त्या सहांपैकीं न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं एक मार्मिक विवेचन केलें. काँग्रेस पाठीशीं असतां अध्यक्षाचें बळ सर्वांत अधिक. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध तो गेला तर सर्वांत कमी. आणि ती गप्प असेल तेव्हां मधला संधिप्रकाश. असे कारखाने ताब्यांत घेण्याची तरतूद काँग्रेसनें १९४७ च्या मजूरविषयक कायद्याच्या वेळीं विचारांत घेऊन टाळली होती, म्हणून १९५२ च्या मौनाचा अर्थ संमति असा झाला नाहीं.

आतां पुढील गंमत पाहावी. इराणनें ओलीस ठेवलेले ५२ अमेरिकन ४४४ दिवसांनीं, जानेवारी १९८१ मध्यें, सुटले. त्यासाठीं झालेल्या करारान्वयें इराणवरील अमेरिकन व्यापाऱ्यांचे दावे अमेरिकेच्या न्यायालयांतून काढून एका आंतरराष्ट्रीय लवादाकडे सोंपविण्यांत आले. दावे असे थांबविण्याची स्पष्ट परवानगी कोणत्याहि कायद्यांत नव्हती. तरी त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पूर्वींच्या अध्यक्षांनीं असे दावे वारंवार मिटविले व काँग्रेसनें तें चालूं दिलें, अर्थात् तिची त्यास मान्यता आहे. हा निकाल लिहिणारे रेहन्क्विस्ट १९५२ सालीं जॅक्सन यांच्याच हाताखालीं मदतनीस होते, आणि निकालांत आधार घेतला तोहि जॅक्सन यांच्याच विवेचनाचा.

ह्यांत आम्ही न्यायाधीशांस दोष देत नाहीं. खरा दोष गप्प बसणाऱ्या सभेचा. कारण मौनाचा अर्थ एकदां संमति असा लागला, कीं तो पुसण्यास नवा कायदा हवा. तो अध्यक्ष नाकारूं शकतो. आणि त्या नकारावर मात करण्यास दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतें लागतात. १९४७ चा तो मजूर कायदा ट्रूमन यांनीं नाकारला असतां काँग्रेसनें एवढीं मतें उभीं केलीं होतीं. तसें क्वचितच घडतें.