लाइट गेली तरी आकडा विसरत नाही!

शीर्षक वाचून पान उलटू नका. यात डेरिव्हेशन एकही नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'अंकीय-सदृश परिवर्तक' वगैरे म्हणायला मला जमणार नाही. आपण सरळ डॅक म्हणू. आकडा आत जातो, व्होल्टेज बाहेर येतं, तो डॅक.

आपल्याकडे प्रोजेक्टच्या सीझनला प्रत्येक मजल्यावर एखादा तरी मोटर कंट्रोलर किंवा पॉवर सप्लाय तयार होत असतो. नॉब फिरवला की वेग बदलतो, सगळे टाळ्या वाजवतात. पण एक प्रश्न सहसा व्हायवापर्यंत कुणाला पडत नाही. लाइट गेली आणि परत आली, तर त्या पहिल्या क्षणी मोटरला किती व्होल्टेज मिळेल? मायक्रोकंट्रोलर तेव्हा झोपेतून उठत असतो. आर्डुइनोवर तर बूटलोडरलाच सेकंदभर लागू शकतो. तुमचा कोड त्यानंतर. मधल्या वेळात मालक कोण?

याचं उत्तर ज्या चिपमध्ये छान दिसतं ती मायक्रोचिप कंपनीची एमसीपी ४७२५. सहा पायांची, तांदळाच्या दाण्याएवढी. २.७ ते ५.५ व्होल्टवर चालते आणि आय-टू-सीच्या दोन तारांवरून बोलते.

आधी आकड्याचं व्होल्टेज कसं होतं ते पाहू. सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये एकसारख्या रेझिस्टरची लांबलचक माळ आहे अशी कल्पना करा. हा डॅक १२ बिटचा, म्हणजे ४०९६ पायऱ्या. सप्लाय ५ व्होल्ट असेल तर एक पायरी साधारण १.२२ मिलिव्होल्टची. तुम्ही पाठवलेला आकडा फक्त कुठल्या पायरीवरचा स्विच लावायचा ते सांगतो. २ व्होल्ट हवेत? दोन भागिले पाच गुणिले ४०९६, म्हणजे १६३८ पाठवा. मीटरवर २ च्या अगदी जवळ दिसेल. माळेचा एक फायदा मला फार आवडतो: वरच्या पायरीवर खालच्यापेक्षा कमी व्होल्टेज असूच शकत नाही. त्यामुळे नॉब पुढे फिरवला आणि वेग मध्येच घसरला, असं या माळेमुळे होत नाही. माळेच्या पुढे एक अँप्लिफायर असतो, तो करंट पुरवतो. तोटाही सांगून टाकते. सप्लाय हाच संदर्भ असल्यामुळे सप्लायमध्ये घाण असेल तर ती जशीच्या तशी आउटपुटला येते.

आता मुख्य गोष्ट. या चिपमध्ये जागा दोन आहेत. एक रजिस्टर, दुसरी ईईप्रॉम. रजिस्टर म्हणजे मेसचा फळा. आज पावटा, उद्या मटकी, पुसा आणि लिहा, कितीही वेळा. पॉवर गेली की फळा कोरा. ईईप्रॉम म्हणजे आजीच्या स्टीलच्या डब्यावर घातलेलं नाव. ते पुसलं जात नाही. पॉवर आली की चिप स्वतःच ईईप्रॉममधला आकडा रजिस्टरमध्ये उतरवते, कंट्रोलरची वाट न बघता.

हे नाव कोरतात कसं? ईईप्रॉमच्या सेलमध्ये चारी बाजूंनी इन्सुलेशनमध्ये बंद असलेलं एक गेट असतं. १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये डॉवन कांग आणि सायमन झे यांनी मांडलेली ही फ्लोटिंग गेटची कल्पना. जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन त्या पातळ ऑक्साइडमधून आरपार आत ढकलायचे. ते व्होल्टेज चिप स्वतःच चार्ज पंपाने तयार करते. आत गेलेले इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात, पॉवर असो वा नसो. डेटाशीटप्रमाणे २५ अंश तापमानाला २०० वर्षं. आपली डिग्री तोवर नक्की मिळेल.

पण दर वेळी कोरताना डबा थोडा झिजतोच! ईईप्रॉमला साधारण १० लाख वेळा लिहिता येतं. आकडा मोठा वाटतो ना? एका लेखनाला २५ ते ५० मिलिसेकंद लागतात. कुणी लूपमध्ये दर ५० मिलिसेकंदांनी ईईप्रॉमलाच लिहीत बसलं, तर सेकंदाला २० वेळा झालं. १० लाख संपायला ५०,००० सेकंद, म्हणजे १४ तासांच्या आत खेळ खलास! रात्री प्रोजेक्ट चालू ठेवून झोपलात की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत. शिवाय कोरणं चालू असताना चिप नवीन लेखन ऐकतच नाही, त्यामुळे साइन वेव्हच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. म्हणून वेव्ह काढायची असेल तर फक्त रजिस्टरला लिहा. ईईप्रॉमला कधी? नॉब स्थिर होऊन पाच-दहा सेकंद झाली आणि आकडा खरंच बदलला असेल, तेव्हाच.

आणि काय कोरायचं हाही विचार करा. फॅक्टरीतून येताना ईईप्रॉममध्ये मधला आकडा असतो, २०४८. म्हणजे ५ व्होल्टवर नवी कोरी चिप पॉवर आल्या आल्या २.५ व्होल्ट देते. मोटर ड्रायव्हरला जोडली असेल तर मोटर अर्ध्या वेगाने फिरायला लागेल, आणि तेव्हा कुणाचं बोट पुलीजवळ असेल सांगता येत नाही. लाइट परत येते तेव्हा आपण बहुतेक त्या टेबलावर वाकूनच असतो. मोटरसाठी माझं मत स्पष्ट आहे: 'शेवटचा वेग लक्षात ठेवा' हे फीचर भारी वाटतं, पण ईईप्रॉममध्ये शून्यच हवं. पॉवर सप्लायच्या रेफरन्ससाठी मात्र शेवटची किंमत ठेवली तर सोय होते. ईईप्रॉममध्ये १२ बिटच्या जोडीला आणखी २ बिट असतात. ते सेट केले की आउटपुट बंद होऊन १ के, १०० के किंवा ५०० के रेझिस्टरने ग्राउंडला बांधलं जातं. चिपने बंद अवस्थेतच उठायला हवं असेल तर हे बिटही कोरून ठेवता येतात.

लॅबमध्ये तपासायला सोपं आहे. मोटर काढा, एसडीए आणि एससीएलच्या तारा काढा, चिपला फक्त ५ व्होल्ट द्या आणि आउटपुटला मल्टिमीटर लावा. २.५ दिसलं तर त्या चिपमध्ये अजून कुणी काही लिहिलेलं नाही, किंवा कुणीतरी नेमकं तेच लिहून ठेवलंय.