निळा पडदा आला, तर फॉरमॅटची घाई नको

दुकानातला संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला की दुरुस्तीवाला फॉरमॅट सुचवतो. व्यापारी बंधूंनो, थांबा. उधारीची खाती त्यातच आहेत.

पुष्कळदा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रे विंडोजशी जोडणाऱ्या प्रोग्रामचा असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-ड्रायव्हरला सदोष फाइल मिळाली आणि जगभर सुमारे ८५ लाख संगणक अडकले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढण्याचा. फॉरमॅटचा नव्हे.

पडद्यावरचा स्टॉप कोड लिहून घ्या. (विंडोज ११मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा येऊ लागला आहे.) सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर आधी खाती पेन ड्राइव्हवर उतरवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुकताच बदललेला ड्रायव्हर 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणाने मागे घ्या. सेफ मोडमध्येही पडदा आलाच, तर रॅम तपासून घ्यावी.