बाहेर गप्प, आत बोलका
वाचतं वय : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण फुरसुंगीच्या बनेश फेणेपाशी थांबलो होतो. भा. रा. भागवतांचा हा फास्टर फेणे सायकल हाणत कुठेही पोचतो, चोरांना पकडून देतो आणि हे सगळं करताना 'आपण कसे दिसत असू' हा प्रश्न काही त्याला छळत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी तो जिवाभावाचा असतो. मग आठवी-नववीच्या सुमारास काहीतरी बिनसतं. तेच पोर फेणेला कपाटात ठेवून देतं आणि भलत्याच नायकाच्या नादी लागतं. या नव्या नायकाला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, चारचौघांत त्याची गाळण उडते, कुठल्याच टोळक्यात तो धड बसत नाही. पराक्रमी पोराला सोडून या बुजऱ्याची संगत का धरावीशी वाटते?

वाचणारं पोर स्वतः बुजरं असतं म्हणून, हे सोपं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. गॅदरिंगला माइक हातात धरून निवेदन करणारी, वर्गाची पुढारी असलेली मुलंही 'कोसला'सारखी कादंबरी उशाशी घेऊन झोपतात. अमेरिकेत फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात लाजाळूपणाची मोठी पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू आहोत असं सांगितलं. आयुष्यात कधी ना कधी तसे होतो म्हणणारे तर ८० टक्क्यांच्या वर निघाले. म्हणजे ज्याला आपण एकटा-दुकटा समजतो त्याचीच बहुसंख्या. फक्त ही बहुसंख्या एकमेकांना दिसत नाही, कारण लाजणारा माणूस सगळ्यात आधी आपलं लाजणंच लपवतो.

या लपवालपवीचं मूळ वयात आहे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये कुमारवयाबद्दल दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की या वयात मुलांच्या मनात एक प्रेक्षागृह भरलेलं असतं. नाकावर पुळी आली तर ती सगळ्या शाळेला दिसणार, आवाज फुटला तर सगळा वर्ग तेवढंच ऐकत बसणार, अशी खात्री असते. प्रत्यक्षात समोरचं प्रत्येक पोर स्वतःच्या पुळीत गुंतलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला जे वाटतं ते आजवर कुणालाच वाटलेलं नाही, ही ठाम समजूत. हे असं का होतं याचं एल्काइंडने दिलेलं कारण पुढच्या संशोधकांना फारसं पटलं नाही, पण वर्णन टिकलं. मला तर वाटतं, आज ते जास्तच लागू पडतं. त्याच्या काळात प्रेक्षक निदान काल्पनिक होते. आता किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी नुसतंच पाहून सोडून दिलं, याचे आकडे फोनवर दिसतात.

अशा मुलाच्या हाती मिलिंद बोकीलांची 'शाळा' पडते. कादंबरी २००४ मध्ये मौजेने काढली. काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी. त्याला शिरोडकर ही मुलगी आवडते. बाहेरून पाहिलं तर कथानक एवढंसं आहे. पण मुकुंदच्या डोक्यात जे चालतं ते पानामागून पान वाहत राहतं : कुठल्या रस्त्याने गेलं तर ती दिसेल, दिसली तर काय बोलायचं, काय बोललो असतो तर बरं झालं असतं. तोंडातून दोन शब्द निघतात, डोक्यात मात्र दोन पानं. हे तोंड आणि डोकं यांतलं अंतर हीच लाजाळू माणसाची खरी गोष्ट असते आणि ती सांगायला कादंबरीइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. 'शाळा'वर सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट चांगला होता, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी कॅमेरा चेहऱ्यापर्यंतच जातो. प्रथमपुरुषी निवेदन थेट आत जाऊन बसतं.

माझ्या मते सगळ्या आकर्षणाचं मर्म इथे आहे. वाचणाऱ्याला आरसा मिळतो, असं नेहमी म्हटलं जातं. आरसा तर त्याच्याकडे भरपूर आहे, दिवसभर तो त्यातच पाहत असतो. त्याला नसते ती दुसऱ्याच्या डोक्यात शिरायची वाट. वर्गातलं शेजारच्या बाकावरचं गप्प पोर त्याला नुसतं गप्प दिसतं. मुकुंद वाचल्यावर पहिल्यांदा शंका येते की त्याच्याही आत एवढंच बोलणं चाललं असेल का. 'हे माझ्यासाठीच लिहिलंय' असं वाटतं, त्याच वेळी हे लिहिणारा कुणीतरी दुसराच आहे हेही कळतं. आपल्यासारखं कुणाला वाटतच नाही, ही समजूत त्या एका पुस्तकाने गोंजारलीही जाते आणि मोडतेही.

यावरून कादंबऱ्या वाचल्याने मुलं कनवाळू होतात असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात असा एक प्रयोग गाजला होता : दर्जेदार ललित वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या भावना जास्त अचूक ओळखता येतात, असं त्यात दिसलं. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम हाती लागेना. शंका येते, इतपतच म्हणावं.

आता 'कोसला'. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. लिहिणारा पंचविशीचा आणि सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचा. खानदेशातल्या सांगवीहून तो पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो. त्याला सरळ लाजाळू म्हणता येणार नाही. सुरुवातीला तो नाटक, मेसचा कारभार, मित्रांवर खर्च असं सगळं हौसेने अंगावर घेतो आणि त्यात पोळल्यावर आत सरकतो. बोलण्याची त्याची तऱ्हा पाहा : एखादं विधान करायचं आणि लगेच त्यातून अंग काढून घ्यायचं, गंभीर काही आलं की टिंगलीवर न्यायचं. सतरा वर्षांच्या मुलाला ही तऱ्हा शिकवावी लागत नाही, ती त्याची रोजचीच असते. म्हणून बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी जेव्हा ही टिंगल पुरी पडत नाही, तेव्हा वाचणारं पोरही हादरतं. तोवर ते पांडुरंगच्या बरोबरीने हसत आलेलं असतं.

पुण्यातल्या परक्या विद्यार्थ्याची आणखी एक गोष्ट आहे, ती खरी घडलेली. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि होस्टेलचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एकदा एका मुलीला होस्टेलच्या खिडकीतून आत जेवण देताना पाहिलं. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी कावीळ होऊन पडला होता. परदेशातून आलेल्या मुलांचं इथे काय होतं, या काळजीतून १९७१ मध्ये 'सिंबायोसिस' ही संस्था उभी राहिली. तिच्या विद्यापीठाचा मोठा परिसर आज मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या टेकडीवर आहे. 'फ्लेम' विद्यापीठही लवळ्यातच. पांडुरंगच्या काळी खेड्यातलं पोर शहरात येऊन बुजायचं. लवळ्यात उलटंच झालंय, शहर गावात येऊन डोंगरावर बसलंय. वर होस्टेलमध्ये देशभरातून आलेली अठरा-वीस वर्षांची मुलं, जमिनीच्या भावाबरोबर वेगाने पालटणारं गाव पायथ्याशी. वर राहणाऱ्याला इथली भाषा परकी, आणि खालच्या मराठी शाळेतल्या पोराला विद्यापीठाच्या फाटकापासची इंग्रजी. एकाच रस्त्यावर दोघेही उपरे. या रस्त्याची कादंबरी अजून कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. लिहावी.

भाषेचा परकेपणा म्हटलं की प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवतो. संत म्हणजे भालचंद्र दीक्षित, कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र, पेशाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. 'वनवास' १९९४ मध्ये आला, पाठोपाठ 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आईवडील आणि भावंडं एका गावी, लंपन आजी-आजोबांकडे दुसऱ्या गावी. आजूबाजूला बेळगावकडची कानडी वळणाची मराठी. या कथा आहेत, सलग कादंबरी नव्हे, पण चारही पुस्तकं मिळून एक मुलगा मोठा होताना दिसतो. लंपनला कुणी छळत नाही, उलट लाडच होतात. तरी आपण इथले की तिथले हे त्याला उमगत नाही. घरात सगळं ठीक असतानाही परकं वाटू शकतं, हे मोठ्यांना पटवून देणं मुलांना फार अवघड जातं. संतांनी ते काम करून ठेवलंय.

सगळा परकेपणा मात्र स्वभावातून येत नाही. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (१९८०) ही आत्मकथनं याच वयात वाचायला हवीत. तिथलं पोर वर्गात गप्प असतं, कारण त्याला गप्प बसवलेलं असतं. 'बलुतं'मध्ये शिकून पुढे आलेला दया पवार मागच्या दगडू पवारला बोलतं करतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे जातीने पाडलेले आहेत. मुकुंदच्या संकोचावर वय हा उपाय आहे. दगडूच्या संकोचावर नाही. हा फरक मुलांना कळतो, सांगणाऱ्याने तो झाकला नाही तर.

एक उणीव मात्र मोठी आहे. मुकुंद, पांडुरंग, लंपन, सगळे मुलगेच. शिरोडकरच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला मुकुंदच्या अंदाजावरूनच कळतं. चौदा वर्षांची मराठी मुलगी एकतर मुकुंदच्या डोक्यात बसून स्वतःकडे बाहेरून पाहते, नाहीतर शांता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या 'चौघीजणी'तल्या ज्योकडे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जाते. अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली आणि १९६७ मध्ये, ती अठरा वर्षांची असताना, कादंबरी छापून आली. तिचे नायक पुन्हा मुलगेच, पण लिहिणारी त्याच वयाची होती. फेणे सोडला तर आपल्याकडची वरची सगळी पुस्तकं मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिली आणि पोरांनी ती ताई-दादांच्या कपाटातून, वाचनालयातून पळवली. त्यात एक फायदाही झाला : सांगणारा त्या वयातून पार होऊन बोलतोय, हे वाचणाऱ्याला न सांगता समजतं. तरी मुलींच्या बाबतीत हा हिशोब तोट्याचाच आहे.

घरात, शाळेत कुणी असं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलं असेल तर पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती : 'यातून काय शिकलास?' असं विचारू नका, आणि त्याऐवजी यशस्वी माणसाचं चरित्रही पुढे करू नका. पुस्तक परत मागायची घाईही नको. पुढच्या आठवड्यात, हीच मुलं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा का वाचतात ते पाहू. तुमच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी असं कुठलं पुस्तक होतं, ते तोवर जरूर कळवा. मुलींनी आणि बायकांनी तर आवर्जून.