शेजारच्या घरातलं मूल: काही घातक समज

डोंबिवली-कल्याणच्या चाळींत, ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत शेजारच्या घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. पोरगं मार खातंय, हेही कळतं. तरी माणसं गप्प बसतात. बहुतेकांना काळजी असते, पण काही पक्के समज आड येतात.

समज: १०९८ला फोन केला की मुलाला उचलून आश्रमात टाकतात.

सर्वांत जास्त नुकसान या समजानं होतं. १०९८ ही मुलांसाठीची मोफत, अहोरात्र चालणारी सेवा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून ती १९९६ साली सुरू झाली आणि २०२३पासून ती सरकारी महिला व बालविकास यंत्रणेकडे आहे. मूल आत्ता धोक्यात आहे का, हे आधी पाहिलं जातं. त्याला घराबाहेर काढावंच लागलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. म्हणून आधी गृहभेट होते, आईवडिलांशी बोलणं होतं, आजी किंवा मावशीकडे मूल सुरक्षित राहील का याचा शोध होतो.

समज: आमचं मूल, आम्ही मारू नाहीतर काही करू.

मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं क्रूरपणे वागवलं, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आईबापही त्यातून सुटत नाहीत.

समज: धोका बाहेरच्यांकडून असतो.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर सगळ्यांचं लक्ष शाळांकडे गेलं, ते योग्यच होतं. पण केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत तीनांपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सांगितला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के मुलांना मारणारे खुद्द आईवडीलच होते. आणि बाप फक्त आईला मारतो, मुलांना हात लावत नाही, म्हणून ती मुलं सुखरूप आहेत असं कुणी मानू नये. रोज ते पाहणारं मूलही त्या हिंसेतच वाढतं.

समज: समुपदेशन म्हणजे समजूत घालून प्रकरण मिटवणं.

महाराष्ट्रात १९८४पासून पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालतात. तिथली समाजकार्यकर्ती मुलाशी वेगळं बोलते, आईशी वेगळं. दारू, कर्ज, गेलेली नोकरी यांची चौकशी ती करते, पण मारहाणीचं निमित्त म्हणून ते स्वीकारत नाही. पुन्हा तसं झालं तर मुलानं कुणाच्या दाराशी जायचं, हेही ठरवून ठेवते. लैंगिक अत्याचारात तर तडजोडीला जागाच नाही. पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना द्यावीच लागते. समुपदेशकही त्याला अपवाद नाही.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केल्यापासून इथल्या अनेक घरांत समुपदेशकाकडे जाण्याचा संकोच कमी झाला. दहावीच्या ताणासाठी जाणारे पालक स्वतःच्या उठणाऱ्या हातासाठी मात्र जात नाहीत, हे मला फार बोचतं.

समज: पुरावा नसेल तर फोन करू नये.

पुरावा शोधणं शेजाऱ्याचं काम नाही. इमारत, मजला, मुलाचं अंदाजे वय, काय ऐकलं आणि किती वाजता, एवढं सांगितलं तरी पुढचं काम सुरू होतं.