लिव्हरचे व्रण औषधाने थांबतात, वेळेत गेलात तर



कावीळ उतरली की आपण विसरून जातो. पण हेपटायटिस बी आणि सी हे विषाणू काही जणांच्या लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं राहतात. दुखत-खुपत नाही, पण आत सूज असते. ती भरताना कोलॅजनचे चिवट धागे साचतात, व्रण पडतात. व्रण वाढून लिव्हर कडक झालं की तो सिरोसिस.

औषध विषाणूला दाबतं, म्हणून सूज उतरते. सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. बी साठी टेनोफोव्हिर बहुधा अनेक वर्षं रोज घ्यावी लागते. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात, ती पाच वर्षं घेतलेल्या ९६ सिरोसिस रुग्णांपैकी ७१ जणांचा सिरोसिस मागे हटला होता.

समुद्रात जायचंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका, आजार उसळतो. ट्रिपच्या सामानात गोळ्याही घ्या. दारूने पडलेल्या व्रणांवर मात्र दारू सोडणं हेच पहिलं औषध.

२०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी, औषध मोफत आहे. जून-जुलैच्या बंदीत बोटी धक्क्याला असतात, तेव्हा घरच्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या.

– सचिव