स्वतःची रचना, दुसऱ्याचा हक्क

मुक्त-स्रोत संगणक-आज्ञावलीचा लेखक आपली रचना सर्वांस खुली करून देतो. ती त्यानें स्वतः लिहिलेली असते. मग त्याच्यावर फिर्याद कां व्हावी? कारण असें कीं, लेखाधिकार केवळ नक्कल रोखतो. पेटंट मात्र शोधाच्या वापरासच बंदी करतें. एक ओळही न उचलतां, अजाणतांही त्याचा भंग घडूं शकतो.

२०१९ सालीं अमेरिकेंत ग्नोम फौंडेशन ह्या संस्थेवर असाच दावा लागला. 'शॉटवेल' ह्या तिच्या छायाचित्र-आज्ञावलीनें बिनतारी चित्रप्रेषणाचें पेटंट मोडलें, असें फिर्यादी कंपनीचें म्हणणें होतें. संस्थेनें पैसे देऊन सुटका करून घेण्याचें नाकारलें व वर्गणी जमवून प्रतिवाद केला. मे २०२० मधील तडजोडीनें मुक्त परवान्याच्या सर्वच आज्ञावलींना त्या कंपनीच्या पेटंटांपासून अभय मिळालें. एकट्या लेखकास मात्र निकालापूर्वीं खर्चच बुडवूं शकतो. संघशक्ति हेंच त्याचें कवच.